मोठ्या जलविद्युत जनित्राचे ब्रेक : रचना, संच थांबवण्याची रीत आणि देखभाल

कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यात प्रत्येकी २५० मेगावॅटचे चार संच, म्हणजे टर्बाइन आणि जनित्राच्या जोड्या, आहेत. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. तेवढ्याच पाण्यातून कमाल मागणीच्या वेळी जास्त वीज काढायची, हा या टप्प्यामागचा विचार. अशा केंद्रात संच दिवसरात्र फिरत ठेवायचे नसतात. मागणी चढली की चालू करायचे, उतरली की बंद. घाटघर किंवा भिरा इथल्या उदंचन संचांचं तर कामच चालू-बंदचं आहे, कधी जनित्र म्हणून, कधी पंप म्हणून. संच चालू कसा करायचा, ग्रीडशी कसा जोडायचा, याबद्दल प्रशिक्षणात भरभरून सांगतात. थांबवण्याची गोष्ट एका परिच्छेदात उरकतात. बेअरिंगचं आयुष्य मात्र या थांबण्याच्या काही मिनिटांतच सगळ्यात जास्त खर्च होतं.

हा लेख उभ्या शाफ्टच्या मोठ्या संचांबद्दल आहे. आकडेमोड एका नमुन्याच्या संचावर केली आहे. तुमच्या संचाचे आकडे निर्मात्याच्या पुस्तिकेतूनच घ्यायचे.

पाणी बंद केल्यावरही संच का थांबत नाही

गाइड व्हेन (टर्बाइनला जाणारं पाणी कमी-जास्त करणाऱ्या झडपा) मिटल्या, ब्रेकर (जनित्र ग्रीडपासून तोडणारा स्विच) उघडला, तरी शेकडो टनांचा रोटर, म्हणजे जनित्राचा फिरता भाग, फिरतच राहतो. सुरुवातीला वेग भराभर उतरतो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पण वेग अर्धा झाला की हा विरोध पावावर येतो, आणि पाचवा हिस्सा उरला की पंचविसाव्या हिश्श्यावर. म्हणजे वेग जितका कमी, तितकं त्याचं आणखी कमी होणं रेंगाळतं. त्यात गाइड व्हेनमधून थोडी गळती असली तर संच रेंगाळतच फिरत राहतो, पूर्ण थांबत नाही.

रेंगाळला तर बिघडतं काय? सगळा रोटर, शाफ्ट, रनर (टर्बाइनचं चाक) आणि वरून पाण्याचा दाब, हे सगळं थ्रस्ट बेअरिंगच्या पॅडवर तोललेलं असतं. चालत्या संचात धातू धातूला लागत नाही. फिरणारी चकती तेलाला पॅडखाली ओढते आणि मिलिमीटरच्या काही शतांश जाडीचा तेलाचा थर सगळं वजन उचलून धरतो. हा थर वेगामुळे तयार होतो. वेग पुरेसा उतरला की तो पातळ होत जातो आणि शेवटी फाटतो. मग पॅडवरचा व्हाइट मेटलचा मऊ थर चकतीला घासू लागतो. हा घासण्याचा काळ जितका लांबेल, तितकी पॅडची झीज जास्त.

म्हणून ब्रेकचं काम नेमकं काय, ते आधी पक्कं करून घ्यावं. संचाला पूर्ण वेगावरून थांबवणं हे त्याचं काम नाही. तेलाचा थर अशक्त होतो तो शेवटचा पट्टा झटपट ओलांडून देणं, एवढंच. बऱ्याच संचांत यांत्रिक ब्रेक नेमून दिलेल्या वेगाच्या २० ते ३० टक्क्यांच्या आसपास लावतात. विद्युत ब्रेकिंगची सोय असेल तर ५ ते १० टक्क्यांवर. हा आकडा एका केंद्रातून उचलून दुसऱ्याला लावता येत नाही. ब्राझील-पॅराग्वेच्या सीमेवर इताइपूचे ७०० मेगावॅटचे संच मिनिटाला ९०च्या आसपास फेरे घेतात, त्यांचे २० टक्के म्हणजे १८ फेरे. ३७५ फेऱ्यांच्या संचाचे २० टक्के म्हणजे ७५ फेरे. बेअरिंगला टक्केवारी कळत नाही. पॅडवरून चकती प्रत्यक्ष किती वेगाने सरकते, तेवढंच त्याला कळतं.

आतली रचना

रोटरच्या रिमच्या खालच्या अंगाला पोलादी तुकड्यांची गोल पट्टी बसवलेली असते, तिला ब्रेक ट्रॅक म्हणतात. तिच्या बरोबर खाली, लोअर ब्रॅकेटवर (रोटरखालच्या आधाराच्या सांगाड्यावर) किंवा पायाच्या काँक्रीटवर, ठरावीक अंतराने ब्रेकचे सिलिंडर असतात. प्रत्येक सिलिंडरच्या पिस्टनवर घर्षण पॅड. हवा सोडली की पिस्टन वर येतो, पॅड ट्रॅकला भिडतो. हवा काढली की स्प्रिंगने किंवा वरच्या बाजूने दिलेल्या हवेने पिस्टन खाली बसतो.

हवेचा दाब साधारण ५ ते ७ बार. कंप्रेसर, हवेची टाकी, फिल्टर, दाब नियंत्रक, सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि तिथून संचाभोवतीची रिंग पाइप असा मार्ग. प्रत्येक सिलिंडरवर पॅड वर आहे की खाली, हे सांगणारा लिमिट स्विच असतो. जुन्या काही संचांत सगळ्यांचा मिळून एकच दाब स्विच आढळतो. ती सोय अपुरीच म्हणायची, कारण पाइपमधली हवा गेली याचा अर्थ सगळे पॅड खाली बसले असा होत नाही.

हेच सिलिंडर दुसरंही काम करतात. हवेऐवजी उच्च दाबाचं तेल सोडलं की ते जॅक होतात आणि अख्खा रोटर काही मिलिमीटर उचलतात. त्याबद्दल पुढे.

एकदा आकडेमोड करून बघू

समजा संच २५० मेगावॅटचा, म्हणजे सुमारे २७८ एमव्हीए क्षमतेचा आहे, वेग मिनिटाला ३७५ फेरे आणि जडत्व स्थिरांक (पूर्ण वेगाला साठलेली ऊर्जा भागिले ही क्षमता) ३.५ सेकंद. पूर्ण वेगाला फिरणाऱ्या भागांत साठलेली ऊर्जा ३.५ × २७८, म्हणजे ९७३ मेगाज्यूल. विजेच्या हिशोबात हे २७० युनिट होतात, एखाद्या मध्यमवर्गीय घराच्या दोनेक महिन्यांच्या वापराइतके. आकडा छोटा वाटतो. पण ही सगळी ऊर्जा दोन मिनिटांत, हातभर रुंदीच्या पोलादी पट्टीत उष्णता म्हणून ओतायची ठरवली, तर काय होईल याचा विचार करा.

ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते, आणि ब्रेकचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. ३० टक्के वेगाला ९ टक्के ऊर्जा उरते, सुमारे ८८ मेगाज्यूल. २० टक्क्यांना ४ टक्के, म्हणजे ३९. आणि १० टक्क्यांना फक्त १ टक्का, ९.७ मेगाज्यूल. ब्रेक ट्रॅकचं एकूण वजन १ टन धरलं आणि सगळी उष्णता त्यातच गेली असं मानलं, तर २० टक्क्यांवरून थांबताना ट्रॅकचं सरासरी तापमान ८० अंशांनी वाढतं, ३० टक्क्यांवरून १८० अंशांनी. ही सरासरी झाली. घासणारा पृष्ठभाग त्याहून खूपच तापतो. 'थोडं लवकर ब्रेक लावू, लवकर थांबेल' असं पाळीवर कुणी म्हणालं, तर हे दोन आकडे त्याच्यापुढे ठेवावेत.

आता सिलिंडरचं माप. या संचाचं जडत्व सुमारे १२.६ लाख किलोग्रॅम वर्गमीटर येतं. २० टक्के वेगावरून १२० सेकंदांत थांबवायचं तर सुमारे ८२,६०० न्यूटन-मीटरचं बलआघूर्ण, म्हणजे टॉर्क, लागतो. ट्रॅकची त्रिज्या २ मीटर धरली तर घर्षणाचं बल ४१,३०० न्यूटन. घर्षणांक ०.३ असेल तर पॅडनी एकूण १,३७,७०० न्यूटनने वर दाबायला हवं. आठ सिलिंडर असतील तर प्रत्येकी १७,२०० न्यूटन. ६ बार दाबाला त्यासाठी सुमारे १९ सेंटिमीटर व्यासाचा पिस्टन पुरतो.

हिशोबातून दोन गोष्टी हाती लागतात. पॅडला तेल लागून घर्षणांक ०.३ वरून ०.१५ वर आला तर ब्रेकचा टॉर्क निम्मा होतो आणि थांबायला दुप्पट वेळ लागतो. दुसरी गोष्ट हवेची. पिस्टनची हालचाल ३० मिलिमीटर धरली तर आठ सिलिंडर भरायला सगळी मिळून ७ लिटर जागा भरावी लागते, वर पाइपांची. म्हणजे हवा किरकोळच लागते, आणि ती कमी पडते तेव्हा कारण बहुधा गळती असतं. तरीही ब्रेकची टाकी वेगळी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या (हवा उलटी जाऊ न देणाऱ्या झडपेच्या) पलीकडे असावी, कारण केंद्राची सगळी वीज गेली की सगळे संच एकाच वेळी थांबायला येतात आणि कंप्रेसर नेमका तेव्हाच बंद असतो.

संच थांबवण्याचा क्रम

१. गव्हर्नरवरून (वेग आणि पाणी सांभाळणाऱ्या नियंत्रकावरून) भार हळूहळू शून्याजवळ आणा, एक्सायटेशन (रोटरच्या चुंबकांना दिलेला प्रवाह) कमी करून रिअॅक्टिव्ह भारही शून्याजवळ.

२. जनित्राचा ब्रेकर उघडा. भार शून्याजवळ असेल तर वेग उसळत नाही.

३. फील्ड, म्हणजे रोटरचं चुंबकीय क्षेत्र, विझवा. पुढे विद्युत ब्रेकिंग वापरायचं असेल तर ही पायरी पूर्ण झाल्याची खात्री विशेष महत्त्वाची.

४. गाइड व्हेन पूर्ण मिटल्याचा संकेत तपासा. निव्वळ आदेश गेला म्हणून पुढे जाऊ नका. गाइड व्हेन हलवणाऱ्या सर्व्होमोटरची प्रत्यक्ष स्थिती बघा. मेन इनलेट व्हॉल्व्ह (टर्बाइनच्या तोंडाशी असलेली मुख्य झडप) बंद करायचा की नाही, हे त्या केंद्राच्या रीतीवर आणि गाइड व्हेनच्या गळतीवर ठरतं.

५. थ्रस्ट बेअरिंगला उच्च दाबाच्या तेलाची सोय असेल तर तिचा पंप या टप्प्यावर चालू व्हायला हवा. हा पंप पॅडच्या मधोमध तेल दाबून थर कृत्रिमरीत्या टिकवतो. पंप चालू झाला नाही तर ब्रेक एरवीपेक्षा जास्त वेगाला लावायची मुभा काही निर्माते देतात. ती मर्यादा किती, हे आधीच माहीत असू द्या. त्या क्षणी पुस्तिका चाळायला वेळ नसतो.

६. विद्युत ब्रेकिंग असेल तर साधारण ५० टक्के वेगाला ते लागू होतं.

७. ठरलेल्या वेगाला यांत्रिक ब्रेक लावा. काही संचांत ब्रेक सलग लागतात, काहींत लावा-सोडा अशा टप्प्यांनी, म्हणजे ट्रॅकला मधे थोडी उसंत मिळते.

८. वेग शून्य झाल्यावर ब्रेक काही मिनिटं लावूनच ठेवा. मग सोडायचे की लावलेलेच ठेवायचे, याबाबत रीती वेगवेगळ्या आहेत. सोडले तर क्रीप डिटेक्टर जागा हवा. गळतीच्या पाण्याने रोटर हळूच सरकायला लागला तर तो लगेच इशारा देतो, ब्रेक पुन्हा लावतो किंवा तेलाचा पंप चालू करतो.

९. थंड करणारं पाणी बंद, स्टेटरचे (जनित्राच्या स्थिर भागाचे) हीटर चालू. दमट हवेच्या आपल्या भूमिगत केंद्रांत हीटर विसरून चालत नाही.

वेग मोजण्याबद्दल एक सूचना. जनित्राच्या व्होल्टेजवरून काढलेला वेग कमी फेऱ्यांना भरवशाचा नसतो, कारण फील्ड विझल्यावर व्होल्टेजच उरत नाही. ब्रेकचा आदेश शाफ्टवरच्या दातेरी चकतीकडून यायला हवा, आणि तिच्यावर दोन स्वतंत्र सेन्सर असले तर उत्तम. एक सेन्सर मेला आणि त्याने 'वेग शून्य' असं कळवलं, तर ब्रेक पूर्ण वेगाला लागण्याची शक्यता उभी राहते. म्हणून तर्कात 'ब्रेकर उघडा', 'गाइड व्हेन मिटलेल्या' आणि 'वेग मर्यादेखाली' या तिन्ही अटी एकत्र असाव्यात. नियंत्रणाचा वीजपुरवठा गेला म्हणून ब्रेक आपोआप लागतील, अशी रचनाही नको. त्या प्रसंगासाठी संचाजवळच्या ब्रेक कॅबिनेटमध्ये हाताने चालवायचा व्हॉल्व्ह असतो. तो कुठे आहे आणि कोणत्या दिशेला फिरवायचा, हे पाळीतल्या प्रत्येकाला अंधारातही सांगता यायला हवं.

ब्रेक जिथे वापरायचे नाहीत

भार अचानक तुटला की संचाचा वेग वाढतो. त्या वेळी ब्रेकचा विचारही करू नये. नमुन्याच्या संचात पाणी २५० मेगावॅटने ढकलत असतं. आपण काढलेल्या ८२,६०० न्यूटन-मीटरच्या ब्रेकची ताकद पूर्ण वेगाला जेमतेम ३.२ मेगावॅट भरते, तीही पॅड जळेपर्यंत. वाढत्या वेगावर उपाय एकच, पाणी तोडणं : गाइड व्हेन, नाही तर मेन इनलेट व्हॉल्व्ह, तोही नसेल तर धरणाच्या माथ्यावरचं प्रवेशद्वार. रशियातल्या सायानो-शुशेन्स्काया केंद्रात १७ ऑगस्ट २००९ रोजी दुसऱ्या संचाचं वरचं झाकण उडालं, केंद्रात पाणी घुसलं आणि ७५ माणसं गेली. केंद्राचा वीजपुरवठा कोलमडला होता. पाणी थांबलं ते कर्मचाऱ्यांनी माथ्यावर जाऊन प्रवेशद्वारं हाताने बंद केली तेव्हा.

विद्युत ब्रेकिंग

कल्पना देखणी आहे. ब्रेकर उघडून फील्ड विझवल्यावर जनित्राच्या तिन्ही फेजची टोकं एका खास स्विचने एकमेकांना जोडायची, म्हणजे मुद्दाम शॉर्ट करायची. मग रोटरला बाहेरून पुन्हा एक्सायटेशन द्यायचं. स्टेटरमध्ये प्रवाह वाहू लागतो, त्याच्या तांब्याच्या रोधात ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि रोटर मंदावतो.

इथे एक गंमत आहे. वेग कमी झाला की निर्माण होणारं व्होल्टेज कमी होतं, पण वारंवारता कमी झाल्याने वाइंडिंगचा प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा विरोध, म्हणजे रिअॅक्टन्सही त्याच प्रमाणात उतरतो. म्हणून फील्ड स्थिर ठेवलं तर स्टेटरचा प्रवाहही जवळपास स्थिर राहतो. उष्णतेत जाणारी शक्ती स्थिर, आणि टॉर्क म्हणजे शक्ती भागिले कोनीय वेग. म्हणजे वेग उतरेल तसा ब्रेकचा टॉर्क वाढत जातो. हवेचा विरोध जिथे हात टेकतो, तिथेच हा ब्रेक जोर धरतो. नमुन्याच्या संचात नेमून दिलेल्या प्रवाहाला स्टेटरमध्ये १ मेगावॅट खर्च होतो असं धरा. ५० टक्के वेगाला टॉर्क सुमारे ५१,००० न्यूटन-मीटर, १० टक्क्यांना २,५५,०००, म्हणजे यांत्रिक ब्रेकच्या तिप्पट. ५० वरून १० टक्क्यांपर्यंत यायला याच एका ब्रेकला सुमारे चार मिनिटं लागतात. हवेच्या विरोधाची मदत धरली तर त्याहून कमी. मग यांत्रिक ब्रेकला ३९ ऐवजी ९.७ मेगाज्यूल पचवावे लागतात, तेही मिनिटभरात. पॅड चौपट टिकतील असं वचन देता येत नाही, पण धूळ निश्चित घटते.

अगदी कमी वेगाला मात्र वाइंडिंगचा रोध रिअॅक्टन्सपेक्षा वरचढ होतो आणि टॉर्क झपाट्याने शून्याकडे जातो. म्हणून विद्युत ब्रेक संचाला पूर्ण थांबवू शकत नाही आणि थांबलेल्याला धरूनही ठेवत नाही. यांत्रिक ब्रेकला पर्याय नाही.

वापरताना पाळायच्या अटी कडक आहेत. शॉर्ट करणारा स्विच लावण्याआधी ब्रेकर उघडा हवा आणि फील्ड विझून उरलेलं व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेखाली यायला हवं. एक्सायटेशनचा पुरवठा केंद्राच्या सहायक बसवरून घ्यावा लागतो, कारण जनित्राची स्वतःची टोकं आता मृत आहेत. या काळात काही संरक्षण रिले मुद्दाम रोखून ठेवावे लागतात, नाहीतर मुद्दाम केलेल्या शॉर्टलाच ते दोष समजतील. आणि संच विद्युत दोषामुळे ट्रिप झाला असेल, डिफरन्शिअल (वाइंडिंगमधल्या शॉर्टचं संरक्षण) किंवा स्टेटर अर्थ फॉल्टने, तर विद्युत ब्रेकिंग अजिबात लागता कामा नये. दुखावलेल्या वाइंडिंगमधून पुन्हा पूर्ण प्रवाह सोडण्यासारखं ते होईल. अशा वेळी संच फक्त यांत्रिक ब्रेकवर थांबतो. ही अट तर्कात आहे का, हे वर्षातून एकदा प्रत्यक्ष सिम्युलेट करून तपासावं. पुन्हा चालू करताना हा स्विच उघडा असल्याची खात्री झाल्याशिवाय एक्सायटेशन लागू नये, हे ओघानेच आलं.

माझं मत विचाराल तर दिवसातून एकदा किंवा अधिक वेळा थांबणाऱ्या संचाला ही सोय हवीच. महिनोन्महिने फिरणाऱ्या संचाला तिच्यावर खर्च करण्यापेक्षा धूळ शोषणारी चांगली यंत्रणा बसवलेली बरी.

पेल्टन चाकांच्या संचांत आणखी एक सोपा उपाय असतो. बकेटच्या पाठीवर उलट दिशेने पाण्याचा छोटा झोत मारायचा. झोत फुकटचा आणि धूळ नाही. फक्त वेग शून्यावर येण्याआधी तो बंद व्हायला हवा, नाहीतर चाक उलटं फिरायला लागेल.

तपासणी आणि देखभाल

सगळ्यात उपयोगी नोंद एकच आहे, आणि तिला एक पैसा लागत नाही : ब्रेक लागल्यापासून वेग शून्य होईपर्यंतचे सेकंद. प्रत्येक थांबण्याला लॉगमध्ये लिहा. त्याच्या शेजारी दुसरा आकडा लिहा, गाइड व्हेन मिटल्यापासून ब्रेकच्या वेगापर्यंत यायला लागलेला वेळ. थांबण्याचा काळ वाढायला लागला की हे दोन आकडे दोष कुठे आहे ते सांगतात. दोन्ही वाढले असतील तर गाइड व्हेन गळताहेत; एकदा मेन इनलेट व्हॉल्व्ह बंद करून थांबवून बघा, फरक लगेच दिसेल. पहिला टप्पा जुन्याइतकाच आणि फक्त ब्रेकनंतरचा वाढला असेल तर दोष ब्रेकमध्ये : दाब कमी, पॅड गुळगुळीत झालेले, किंवा पॅडला तेल.

रोज हवेच्या टाकीचं पाणी काढा. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे टाळलं की ओलावा सिलिंडरमध्ये जातो, गंज चढतो आणि पिस्टन वर अडकतो. अडकलेला एक पिस्टन हा या यंत्रणेतला नेहमीचा दोष. त्याचं कारण बहुधा गंज, फुगलेली ओ-रिंग किंवा थकलेली स्प्रिंग.

संच बंद ठेवून बॅरलमध्ये (जनित्राभोवतीच्या बंदिस्त कोठीत) उतरायची संधी मिळाली की पुढच्या गोष्टी बघा. उतरण्याआधी परमिट, गाइड व्हेनचं लॉक, मेन इनलेट व्हॉल्व्ह बंद आणि आग विझवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची यंत्रणा कुलूपबंद, या चार गोष्टी झाल्याच पाहिजेत. बंदिस्त बॅरलमध्ये तो वायू सुटला तर बाहेर यायला वेळ मिळत नाही.

पॅडची जाडी प्रत्येक सिलिंडरला चार ठिकाणी मोजा. एका कडेला जास्त झीज म्हणजे सिलिंडर तिरका बसलाय किंवा ट्रॅक वाकलाय. एकच पॅड इतरांपेक्षा जास्त झिजला तर तो सुटत नसावा; एकच कमी झिजला तर तो लागतच नसावा, आणि त्याचा भार शेजारी उचलताहेत. पॅड बदलायचे तर सगळे एकदम, एकाच प्रकारचे. जुन्या संचांत पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. तसं असेल तर कोरडी झाडझूड किंवा हवेचा झोत मारायचा नाही, योग्य मास्कशिवाय हात लावायचा नाही.

ट्रॅकवर निळसर डाग म्हणजे तिथे जास्त उष्णता झाली. बारीक आडव्या भेगा दिसल्या तर त्यांची लांबी लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी तुलना करा. दोन तुकड्यांच्या सांध्यावर हात फिरवून बघा : फिरण्याच्या दिशेने पॅडला आधी भिडणारी कड वर आलेली नको, ती पॅड तासत राहते. बोल्ट सैल नाहीत ना, हे टॉर्क रेंचने तपासा. फिरत्या रोटरखालून निसटलेला बोल्ट कुठे जाईल, ते सांगायला नको.

धुळीचा प्रश्न मात्र सगळ्यात दुर्लक्षित. पॅडची बारीक भुकटी रोटरच्या वाऱ्याबरोबर वर जाते, बेअरिंगमधून आलेल्या तेलाच्या वाफेत भिजते आणि स्टेटरच्या हवेच्या वाटांत, वाइंडिंगच्या टोकांवर काळा चिकट थर बनून बसते. थंड हवा अडते, तापमान चढतं, इन्सुलेशनचा रोध उतरतो. पोलरायझेशन इंडेक्स (इन्सुलेशनच्या दहाव्या आणि पहिल्या मिनिटाच्या रोधांचं गुणोत्तर) २ च्या खाली यायला लागला की ओलाव्याइतकाच या थरावरही संशय घ्या. ब्रेकभोवती धूळ शोषणारे हूड आणि पंखा असेल तर तो ब्रेक लागण्याच्या थोडा आधी सुरू होऊन, थांबल्यावरही काही मिनिटं चालू राहील असं लावा. पण आधी तेलाची गळती बंद करा. कोरडी धूळ व्हॅक्यूमने निघते. भिजलेली धूळ काढायला सॉल्व्हंट, चिंध्या आणि दिवसच्या दिवस जातात.

रोटर उचलणं

थ्रस्ट पॅड काढायचे असतील, किंवा संच बराच काळ बंद राहून पॅडखालचं तेल निथळून गेलं असेल, तर रोटर जॅकवर घेतात. उच्च दाबाच्या तेलाची सोय असलेल्या संचांत दुसऱ्या कारणासाठी हे फारसं लागत नाही.

आपल्या संचाचे फिरणारे भाग ४०० टनांचे धरले, तर त्याच आठ सिलिंडरांना १७० बारच्या आसपास तेलाचा दाब लागतो. ६ बारची हवा फक्त १४ टन ढकलू शकते, म्हणून ब्रेक लावल्याने रोटर उचलला जात नाही.

आधी हवेचा मार्ग व्हॉल्व्ह बंद करून वेगळा करा आणि त्यावर टॅग लावा. १७० बारचं तेल हवेच्या पाइपात शिरलं तर पाइप फुटतो. मग तेलाचा पंप जोडा, शाफ्टजवळ दोन विरुद्ध बाजूंना डायल गेज लावा, आणि रनर, लॅबिरिंथ (रनरभोवतीचं पाणी अडवणारं सील), शाफ्ट सील, स्लिप रिंग (रोटरला प्रवाह देणाऱ्या कड्या) या सगळ्यांच्या वर किती मोकळी जागा आहे ते नकाशावरून काढा. त्यातली सगळ्यात कमी जागा हीच तुमची मर्यादा. हळूहळू दाब वाढवा. दोन्ही गेज बरोबरीने चढत नसतील तर थांबा. हवी तेवढी उंची आली की प्रत्येक सिलिंडरची लॉक रिंग फिरवून घट्ट करा आणि मग दाब उतरवा. तेलाच्या दाबावर तोललेल्या रोटरखाली कुणीही हात घालायचा नाही. लॉकवर बसलेल्याखालीच काम करायचं.

खाली उतरवताना पुन्हा दाब देऊन लॉक मोकळे करा, सगळे मोकळे झाल्याचं दोघांनी वेगवेगळं तपासा, मग दाब सावकाश सोडा. त्यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण घाई करू नका : सिलिंडर आणि रिंग पाइपमधलं तेल पूर्ण निथळवा, हवेने फुंकून काढा, पॅड आणि ट्रॅक पुसून घ्या. यात कसर राहिली तर पुढच्या वेळी ब्रेक लावताना धूर निघेल, थांबण्याचा काळ वाढेल, आणि स्मोक डिटेक्टरने आगीची घंटा वाजवली तर आश्चर्य नको.

शेवटी थांबलेल्या संचावर ब्रेक चार-पाच वेळा लावून-सोडून बघा. एकजण नियंत्रण कक्षात, एकजण खाली. प्रत्येक सिलिंडरचा संकेत आणि प्रत्यक्ष पॅड जुळतात का ते नावानिशी बोलून घ्या. ब्रेक लावून हवेचा पुरवठा बंद करा आणि दहा मिनिटांत दाब किती उतरतो ते लिहा. मग 'सगळे ब्रेक सुटलेले' ही चालू करण्याची अट खरंच काम करते का, ते एका स्विचची वायर सोडून तपासा. अट अडवायला हवी. वायर परत जोडा, जंपर कुठे राहिलेला नाही याची नोंद परमिटवर करा, आणि पहिल्यांदा संच हळू फिरवताना एका माणसाला लोअर ब्रॅकेटच्या दाराशी उभं करा. पॅड घासत असेल तर त्याचा वास आणि आवाज कोणत्याही लिमिट स्विचच्या आधी कळतो.